न हलणारा डाग

२ एप्रिल १९४७, हिंगोली

नवी वही आजपासून. आधीच्या सगळ्या वह्यांत नुसते गोल आहेत. वाटी पालथी घालून पेन्सिल फिरवायची, तो सूर्य. त्यात दुर्बिणीतून दिसतील ते डाग उतरवायचे. अठ्ठावीस वर्षं झाली. ढग नसतील तर एकही सकाळ चुकवली नाही. वडील वारले त्या दिवशीसुद्धा गोल आहे, त्यात तीन डाग आहेत. या वहीत गोलाखाली चार शब्दही लिहावेत असं ठरवलं आहे. एवढ्या वर्षांत मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि विचारलंही कुणी नाही.

आज पूर्वेच्या कडेवरून एक डाग आत आला. असा डाग मी जन्मात पाहिला नाही. उतरवताना हात थांबला. आठचा भोंगा झाला तरी मी गच्चीवरच. जीनमध्ये पोचायला उशीर झाला, पण पुनमचंद शेठ काही बोलले नाहीत. त्यांच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत मी ठरवतो. बोटांत धागा ओढून, भिंगाखाली धरून कवडी, म्हणजे डागी कापूस, किती, लांबी किती ते सांगतो. वसमतचे व्यापारीसुद्धा म्हणतात, माणिकरावाची नजर म्हणजे नजर.

६ एप्रिल १९४७

आज सूर्य मावळताना तो डाग दुर्बिणीवाचूनही दिसला. तांबडा गोळा आणि त्यात मसुरीच्या डाळीएवढा काळा ठिपका. कयाधू नदीच्या पुलावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. कय्युमही होता. कय्युम चष्मे आणि घड्याळं दुरुस्त करतो. आम्ही दहा वर्षांचे होतो तेव्हापासूनचे सोबती. दुर्बीण माझी, म्हणजे वडिलांनी फौजेच्या छावणीच्या लिलावात घेतलेली. पण तिचं भिंग दोनदा बसवलं ते कय्युमनं. डोळ्याकडच्या टोकाला काजळी धरलेली काच बसवायची खाच त्यानंच कोरून दिली.

परत येताना म्हणाला, "मानक्या, काच आणून दे उद्या. काजळी पातळ झाली असंल."

"मीच पातळ ठेवली. दाट ठेवली तं डागाच्या भोवतीची जाळी दिसत न्हाई."

"तं मग कागदावर पाड ना सूर्य. दुर्बिणीमागं पांढरा कागद धर. डोळा लावायचं काहून?"

कागदावर जाळी दिसत नाही हे त्याला कितीदा सांगायचं? कागदावरचा सूर्य म्हणजे फोटोतलं लेकरू. मी हसून विषय बदलला.

८ एप्रिल १९४७

डाग मधोमध आला. सव्वा तास पाहिला. काजळी आणखी थोडी पुसून घेतली. जाळी, धाग्यांसारखे पदर, एक पदर तर पाहता पाहता तुटला! अशा कितीतरी पृथ्वी त्यात पडल्या तरी कळणार नाही. खाली उतरलो तेव्हा डोळ्यापुढे हिरवा-जांभळा गोळा नाचत होता. ते नेहमीचंच. बायको, मंजुळा, म्हणाली, "डोया कसा लाल झाला तुमचा." धूळ गेली असेल. वारा होता.

२० एप्रिल १९४७

मोठा डाग चार दिवसांपूर्वी पश्चिमेच्या कडेला जाऊन दिसेनासा झाला. मन उदास झालं, पाहुणा गेल्यासारखं.

पण मध्यावर एक नवा डाग आहे. करडा, कडा पुसट. कडेवरून आत येताना कसा दिसला नाही कोण जाणे. तिथेच उगवला असावा. असं होतं कधी कधी.

११ मे १९४७

 वहीतले शेवटचे एकवीस गोल एकापुढे एक मांडून पाहिले. तो मधला डाग हललेला नाही. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्याबरोबर डाग सरकतात. पूर्वेला उगवलेला डाग तेरा-चौदा दिवसांत पश्चिमेला जातो. हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. आणि हा एकवीस दिवस मधोमध! बाकीचे डाग त्याच्याजवळून जातात, काही त्याच्याखाली बुडून पुन्हा वर निघतात. म्हणजे हा सूर्यावर नाहीच. सूर्य आणि आपण, या दोहोंच्या मध्ये काहीतरी उभं आहे.

जीनमध्ये दिवसभर कुणाशी बोललो नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो. पोरबाळ नाही. मागे काही राहावं असं फार वेळा वाटलं, पण कापसाच्या गठड्या पाहणाऱ्याचं काय राहणार? आता वाटतं आहे, राहील.

३ जून १९४७

नागपूरला ज्योतिर्गणिताचे एक प्राध्यापक आहेत. त्यांना पत्र पाठवलं. चाळीस गोलांच्या नकला सोबत. "मी एक अल्पशिक्षित हौशी मनुष्य आहे" असं लिहिलं, मग ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

१४ जुलै १९४७

उत्तर आलं. हस्ताक्षर बारीक, वाचायला फार वेळ लागला. अलीकडे शाईच निकस येते. लिहितात: "आपली चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. तथापि आपण वर्णिलेला डाग सूर्यबिंबावर असणे संभवत नाही. कृपया कागदावर प्रतिमा पाडून ताडून पाहावे. तेथे तो न दिसल्यास नेत्रवैद्यास दाखवावे हे उत्तम."

मी एवढे कष्ट करून पाठवलं आणि हे मला वैद्याकडे जा म्हणतात! खुर्चीत बसून दुसऱ्याचं निरीक्षण खोटं ठरवायला काय लागतं?

कागदावर पाडून पाहिलं. कागदावर तो नाही. असणार नाहीच, इतका पुसट डाग कागदावर कसा उतरेल?

२९ जुलै १९४७

दोष दुर्बिणीच्या भिंगात असू शकतो, हे कबूल करायला हवं. म्हणून आज ती कय्युमच्या दुकानात नेली. त्यानं भिंग काढलं, धुतलं, उजेडाला धरलं, पुन्हा धुतलं. म्हणाला, "यात काई न्हाई. आरशावानी साफ हाय."

"नीट पाहा. मधोमध डाग हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठून माझ्याजवळ आला आणि माझा डावा डोळा स्वतःच्या तळव्यानं झाकला. दुसऱ्या हातात एक खिशातलं घड्याळ धरलं. "सांग, किती वाजले?"

घड्याळाच्या कडेचे आकडे दिसत होते. काटे नव्हते. त्यानं काटे काढून ठेवले होते, माझी परीक्षा घ्यायला.

"काटेच न्हाईत तुझ्या घड्याळाले."

त्यानं घड्याळ खाली ठेवलं. मग हळू म्हणाला, "मानक्या, काटे हाइत रे. आजपासून सूर्य बंद. आँख हाय ती, भिंग न्हाई. घासून पुन्हा चमकत न्हाई."

मला काय झालं कळलं नाही. माझी अठ्ठावीस वर्षं कुणीतरी बोटानं पुसतं आहे असं वाटलं. मी म्हणालो, "भिंग तूच बसवलं होतं. ओरखडा तुझ्या हातून पडला आणि दोष माझ्या डोळ्याले देऊन राहिला." दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. आणखी म्हणालो, "चष्मे इकणाऱ्याले सगळेच आंधळे दिसतात."

त्यानं भिंग परत बसवलं, दुर्बीण कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाला, "जेव्हा तुला बोलावंसं वाटंल, तेव्हा तूच आवाज दे. मी न्हाई देणार."

१६ ऑगस्ट १९४७

काल तिकडे स्वातंत्र्य आलं. इकडे निजामाचं राज्य आहे तसंच. ढग. गोल नाही.

५ ऑक्टोबर १९४७

आकाश निवळलं. उजवा डोळा थकलेला असेल, एवढं मी मान्य करतो. त्याला आराम द्यावा म्हणून आजपासून डावा लावला. किती स्वच्छ! मधला डाग नाही. सात डाग, जाळीसकट. तास कसा गेला कळलं नाही. कय्युमला सांगावंसं वाटलं, मग आठवलं.

२४ नोव्हेंबर १९४७

हंगाम जोरात आहे. डोंगरकडा गावाकडून आलेल्या सत्तर गाड्या मी पहिल्या प्रतीत घातल्या. गठड्या फोडल्यावर निम्म्यात कवडी निघाली. गाडीवाल्यांनी वरून चांगला कापूस लावला असणार, लबाडी वाढली आहे. शेठजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असंल, असंल." पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होते.

१३ जानेवारी १९४८

शेठजींनी आज बसवून घेतलं. स्वतःच्या हातानं चहा दिला. "माणिकराव, लई वर्षं उभं राहून काम केलं तुमी. आता बसून करा. गठड्यांवर नंबर पडतात का तेवढं ऐकायचं." पाहायचं नाही म्हणाले, ऐकायचं म्हणाले. प्रत आता त्यांचा पुतण्या ठरवील.

भिंग त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

२ मार्च १९४८

डाव्या डोळ्यातही मधोमध डाग आहे.

आज गच्चीवर बसून दोन्ही डोळ्यांनी पुढचं निंबाचं झाड पाहिलं. शेंडा दिसतो, बुंधा दिसतो. जिथे पाहावं तिथलं तेवढं जातं. मान वळवली की डाग झाडाबरोबर नाही, माझ्याबरोबर येतो. एकवीस गोल, चाळीस गोल, सगळे गोल माझ्याच डोळ्याचे काढलेले. नागपूरचे ते गृहस्थ बरोबर होते. कय्युम बरोबर होता. घड्याळाला काटे होते.

कुणाला सांगणार नाही. माणिकरावाची नजर म्हणजे नजर, एवढंच माझ्याजवळ आहे. मंजुळेलाही कळलेलं नाही, आणि कळू द्यायचं नाही.

१७ एप्रिल १९४८

अक्षरं मोठी काढतो. एका पानावर आठ ओळी. पाहायचं ते सोडून शेजारी पाहिलं की थोडं दिसतं. मंद तारे पाहताना आम्ही तेच करतो, तिरक्या नजरेनं. ती सवय आता भाकरी शोधायला कामी येते.

मंजुळा हल्ली फार बोलकी झाली आहे. ताट ठेवताना म्हणते, "डाव्या अंगाले चटणी हाय, उजवीकडं वरण, गरम हाय बरं." पायरीवर आधी स्वतः उतरते आणि म्हणते, "बाई, तीनच पायऱ्या हाइत तं किती तकलीफ होते मले." वय झालं की बायका अशा स्वतःशी बोलतात.

८ ऑगस्ट १९४८

काल ईद झाली. गावात ताण आहे, रझाकारांच्या फेऱ्या चालू आहेत, कोण कुणाचं ते कळत नाही. तरी कय्युमची बायको अमिनाबी शीरखुर्मा घेऊन आली. दारातून मंजुळेला म्हणत होती, "भाऊ हाइत का? त्यायनं एकदा घरी यावं. हे काई बोलत न्हाईत, पण रोज संध्याकाळी दुकान बंद करताना तुमच्या गल्लीकडं पाहतात."

मी आतून मंजुळेला हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. कय्युमसमोर गेलो तर एका क्षणात त्याला कळेल. माझं चुकलं हे सांगायला मी गेलो असतो. पण ते सांगितलं की डोळे गेले हेही सांगावं लागेल.

शीरखुर्मा खाल्ला. चांगला होता.

१८ सप्टेंबर १९४८

पाच दिवसांत सगळं उलटलं. हिंदी फौज आली, निजाम शरण आला. गल्लीत झेंडे लागले आहेत, माझ्या घरावरही मंजुळेनं लावला. माणसं आनंदात आहेत आणि त्याच आनंदात हिशेब चुकते करायला निघाली आहेत. खेड्याखेड्यांतून वाईट बातम्या येतात. ज्यांनी जुलूम केला ते कधीच पळाले. मार खातात ते हात जोडून मागे राहिलेले. कय्युमच्या आळीत काल काहीतरी जळत होतं. जावं का? मंजुळा म्हणाली, "तुमी एकटे जाऊ नका." मी गेलो नाही.

२२ सप्टेंबर १९४८

दुपारी ओट्यावर बसलो होतो. मंजुळा नदीवर गेलेली. पारावर सात-आठ जण काठ्या घेऊन बसलेले, मोठ्यानं बोलत, हसत.

एक माणूस समोर येऊन उभा राहिला. धोतर, डोक्याला मुंडासं. शेतकरी असावा. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं म्हणून तोंड गेलं. बाजूला नजर नेली तर मुंडाशाची कड आणि खांदा. काही बोलल्याचं ऐकू आलं नाही. आधी वाटलं कुणी जीनमधला, नंबर विचारायला आला. मग वाटलं, पारावरच्यांपैकीच, काही मागायला. या दिवसांत अनोळखी माणसाशी काय बोलावं?

"कोन पाहिजे?" मी विचारलं.

तो बोलला नाही. आणखी एक पाऊल पुढे आला. हातभर अंतरावर. भरदुपारचं ऊन होतं. आता तो माझ्याकडे पाहत असणार, आणि मी त्याच्याकडे पाहतो आहे असं दाखवायला मी मान वर करून ठेवली.

"इथं कोनी न्हाई. पुढं जा बाबा," मी म्हणालो.

तरी तो उभाच. पारावरून कुणी ओरडलं, "कोन हाय हो, माणिकराव?" मी म्हणालो, "ठाऊक न्हाई."

मग तो गेला. पळाला नाही, हळूच गेला. मुका असावा बिचारा. भाकर तरी द्यायला हवी होती.

११ ऑक्टोबर १९४८

आज अमिनाबी आली. मी आवाजावरून ओळखलं, पण आवाजही तिचा राहिलेला नाही. मंजुळेनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती बसली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "मी भांडाया न्हाई आले. फकस्त इचाराया आले."

आमची गल्ली संपते तिथे चिंचेमागे ती त्या दिवशी उभी होती. कय्युमनं दाढी काढली होती, दुकानाशेजारच्या धोब्याकडून धोतर घेतलं होतं. कनेरगाव नाक्यावरून वाशिमकडे, वऱ्हाडात निघून जायचं, पण त्याआधी दोन दिवस कुठे लपायला मिळावं. तिनं म्हटलं, माणिकभाऊंकडे नको, भांडण आहे. तो म्हणाला, "भांडन हाय म्हनूनच. तो बाकी कोनाले फसवील, मले न्हाई." पारावर माणसं होती. त्याच्या तोंडून एक शब्द गेला असता तरी आवाजावरून त्यांनी ओळखलं असतं. म्हणून तो बोलला नाही. म्हणाला होता, "मी नुसता समोर उभा राहातो. मानक्याची नजर हाय. वळखंल."

परत तिच्याजवळ आला तेव्हा एवढंच म्हणाला, "त्यानं बराबर तोंडाकडं पाहिलं. आन म्हनला, पुढं जा."

नाक्याच्या अलीकडे ओढ्यापाशी काठ्या घेतलेल्यांनी त्यांना गाठलं. तिला सोडलं. दोन दिवस ती तिथेच बसून होती. माती कुणी दिली तेही तिला नीट माहीत नाही.

मी उठलो. भिंत धरून तिच्यापर्यंत गेलो. म्हणालो, "बहिनी, मले दिसत न्हाई. दोन्ही डोये गेले. सात-आठ महिने झाले. मले त्याचं तोंडच दिसलं न्हाई."

पहिल्यांदा मी हे कुणाला सांगितलं.

ती दोन पावलं मागे सरकली. मग म्हणाली, "याच घराच्या गच्चीवर तुमी मले गुरूचे चार चंद्र दाखवले होते. म्या म्हनलं, मले दोनच दिसतात. तुमी म्हनले, नीट पाहा, चार हाइत. तुमाले इतक्या लांबचं दिसते. आन हातभर दूर उभा मानूस दिसला न्हाई?"

"खरं सांगतो—"

"तुमी भेले असाल भाऊ. त्या दिसांत सगळेच भेले होते. मी माफ केलं असतं. पन असं सांगू नका."

मंजुळा मध्ये पडली. "अमिनाबी, खरं हाय ते. चटणी कुठं ठेवली तेसुद्धा मी सांगते यायले, सहा-सात महिने झाले." म्हणजे तिला ठाऊक होतं. एवढे दिवस.

अमिनाबी म्हणाली, "तुझा धनी हाय. तू म्हनशीलच."

आणि गेली. हैदराबादला तिचा भाऊ आहे, तिकडे जाणार म्हणे. तीन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, मग काही नाही.

१४ ऑक्टोबर १९४८

दुर्बीण गच्चीवरून खाली आणायला सांगितली. मंजुळा म्हणाली, "मोडीत द्यायची का?" मी म्हणालो, नको. ठेव कुठंतरी. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

२० ऑक्टोबर १९४८

सगळ्या वह्या चाळल्या. चाळल्या म्हणजे पानांवरून बोट फिरवलं. पेन्सिलीचा गोल कागदावर खोल उमटतो, तो लागतो. डाग लागत नाहीत.

वैद्याकडे जाऊन आलो, मंजुळेच्या हट्टानं. दोन मिनिटांत झालं. औषध नाही म्हणाले.

९ नोव्हेंबर १९४८

चार दिवसांपासून पहाटे पूर्वेला धूमकेतू दिसतो आहे म्हणे. लांब शेपटीचा, दुर्बिणीशिवाय दिसतो. असा पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही.

आज पहाटे शेठजींचा माणूस दाराशी आला. सगळी गल्ली नदीवर जमली आहे, शेठजी म्हणतात माणिकरावांना बोलवा, त्यांच्यासारखं सांगणारा गावात कोण आहे?

मंजुळा दारात गेली. "झोपले हाइत," ती म्हणाली. "रातभर जागले. उठवत न्हाई मी."

मी जागाच होतो. उठून बसलेला, अंगावर घोंगडी घेऊन. नदीकडून माणसांचा गलका ऐकू येत होता. मंजुळा परत आली, माझ्याजवळ बसली. ती पाहायला गेली नाही. मी जा म्हटलं नाही.